नारळ लिहायचे की नाही

भाऊ साखळीहून आला की बेल वाजवत नाही. जिन्यात पोते टेकल्याचा धप्प आवाज होतो आणि मागोमाग त्याची धापा टाकत मारलेली हाक येते, "कोण आहे गो घरात?" त्या रविवारी पोत्यात वीस नारळ होते, सोलून, शेंडी राखून. फोंड्याच्या बुधवारपेठेत तेव्हा जरा बऱ्यापैकी नारळ पन्नासाला पडत होता. ह्यांनी पोत्यात डोकावून म्हटले, "हजार रुपये उचलून आणलेस की रे!"

"माडाने दिले, मी वाहिले," भाऊ म्हणाला आणि पंख्याखाली बसला. "बाय कुठे आहे?"

"आत आहे. माझ्याशी बोलत नाही."

कारण मला ठाऊक होते, आणि ते सांगताना माझी बाजू लंगडी पडते हेही ठाऊक होते. माझी मुलगी सव्वीस वर्षांची. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, हातात सव्वीस हजार पडतात. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून फोनवर काहीतरी करत होती. माझा फोन टुणकन वाजला: सात हजार जमा. "दर महिन्याला घरात देणार," ती म्हणाली. मी घेतेही म्हटले नाही, नकोही म्हटले नाही. सोमवारी पोस्टात गेले आणि माझ्या नावावर सात हजारांची आरडी उघडली. नामनिर्देशनाच्या रकान्यात तिचे नाव. त्यानंतर बावीस महिने ते सात हजार एका दाराने आले आणि दुसऱ्या दाराने पोस्टात गेले. शनिवारी ती विजेचे जुने बिल शोधत बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचकत होती. त्यात पासबुक सापडले.

मला वाटले होते तिला बरे वाटेल. ती पासबुक हातात धरून म्हणाली, "म्हणजे बावीस महिने मी घरात काहीच दिले नाही."

(घरात आम्ही कोकणी बोलतो आणि लिहायला बसले की मराठी होते. फोंडा, डिचोली, पेडण्यातल्या पुष्कळ घरांत असेच आहे. तेव्हा पुढचे बोलणे कानावर पडले तसे नाही, लेखणीतून उतरले तसे आहे. एखादा शब्द हट्टाने तसाच राहिला आहे.)

भाऊने सगळे ऐकून घेतले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बाय, बाहेर ये गो! आईने पैसे राखले तर रुसतात? दुसरी असती तर उडवले असते."

ती दारात आली. "राखायला दिले नव्हते मामा. खर्चायला दिले होते."

"एकच ते. तुलाच मिळणार."

"तेच तर. पाहुणा घरी लाडू घेऊन आला की आपण त्याची पिशवी रिकामी पाठवत नाही, काहीतरी घालून देतो. तसे केलेय आईने. मी ह्या घरात जेवते, एसी लावते, कपडे मशीनमध्ये टाकते, आणि माझी पिशवी दर महिन्याला भरून परत. पाहुणीच झाले मी."

"मग काय, घराची खानावळ करायची? फर्मागुडीला इंजिनिअरिंगची पोरे खाट भाड्याने घेतात, महिना झाला की पैसे मोजतात. तसे तू आईच्या हातावर मोजणार आणि ती पावती फाडणार?"

"त्या पोरांना निदान ठाऊक असते खाटेचे किती आणि जेवणाचे किती. मला तेही ठाऊक नाही."

भाऊ हसला. त्याला ती आवडते, आणि तिचे उलटून बोलणे तर जास्तच आवडते. पण मग तो जे बोलला ते हसत नव्हता बोलत. "हे बघ. लेकीचे पैसे खात नाहीत. आमच्या आईने हिचा पगार घेतला तो हिच्या लग्नापर्यंत, आणि तोही मोजून सोन्यात घातला."

हे खरे आहे. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, 1987 मध्ये, मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली. पहिला पगार देवीपुढे ठेवून आईच्या हातात दिला, तिने त्यातून बसभाड्याचे काढून मला दिले. बाकीच्याचे काय झाले ते मी विचारले नाही. लग्नात दोन पाटल्या मिळाल्या तेव्हा कळले. तेव्हा मला फार भरून आले होते. आज मुलीच्या चेहऱ्याकडे बघताना पहिल्यांदा मनात आले, त्या चार वर्षांत आमच्या घरातले तांदूळ कुणाच्या पैशाने येत होते? बाबांच्याच. मग मी घराला काय दिले?

मुलगी मात्र त्या एका वाक्यावर अडकली होती. "लेकीचे खात नाहीत. आणि मुलाचे?"

भाऊ काही बोलला नाही. पंख्याकडे बघत राहिला.

इथे थांबून त्याच्या घराचे सांगावे लागेल. भाऊचा एक ट्रक होता, खाणीवर लावलेला. डिचोली तालुक्यात तेव्हा ज्याच्याकडे थोडी जमीन, थोडी हिंमत आणि बँकेत ओळख होती, त्याने ट्रक घेतला. लाल धुळीने माखलेल्या त्या ट्रकांच्या रांगा साखळी, पाळी, उसगावपर्यंत लागायच्या. खनिज वाहतुकीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू व्हायचा, म्हणून 2012 च्या श्रावणात त्याने चार टायर नवे घालून घेतले. 10 सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपला आदेश चढवला. नव्या टायरांचा ट्रक घराच्या मागे ताडपत्रीखाली उभा राहिला. बँकेचा हप्ता काही ताडपत्रीखाली जात नव्हता.

त्याचा थोरला तेव्हा वीस वर्षांचा, कॉलेजात. दसऱ्याच्या सुमारास त्याने कॉलेज सोडले आणि वेर्ण्याच्या एका कंपनीत लागला. पहाटे कंपनीची बस धरायची, रात्री जेवायला घरी. पगार खात्यात जमा व्हायचा, आणि एटीएमचे कार्ड त्याने पहिल्याच महिन्यात आईच्या हातात दिले. वहिनीने पिन विसरू नये म्हणून चुलीवरच्या फळीला आतून खडूने लिहून ठेवला होता. मी तो पाहिला आहे. आठवड्याला त्याला पाचशे रुपये मिळत. 2014 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामाला वाट दिली, ट्रक थोडा हलला. 7 फेब्रुवारी 2018 ला 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे शांत. सरकारी मदत अधूनमधून आली, वहिनीच्या खात्यात गृह आधार योजनेचे पैसे यायचे, पण घर चालले ते त्या कार्डावर. ट्रक शेवटी भंगारात गेला. आता लिलावाने दिलेल्या पट्ट्यांतून खनिज पुन्हा निघू लागले आहे. भाऊने त्या दिशेला बघणे सोडले आहे.

"माझ्या पोराने एक दिवसही विचारले नाही, पैसे कुठे गेले," भाऊ म्हणाला. आवाजात अभिमान होता. असावाच. "एक दिवस नाही. त्याला म्हणतात घर. कोण किती देतो, कोण किती खातो, हे बघत बसले की घराला भिंती फुटतात. आमच्या वाड्यावर जाऊन बघ, एका ओसरीत तीन मीटर लावलेत. तीन भाऊ, तीन चुली. हिशेबानेच झाले ते."

"मी विचारले दादाला," मुलगी म्हणाली.

"काय विचारलेस?"

"गेल्या चवथीला. ट्रकाचे कर्ज किती होते म्हणून. तो म्हणाला, ठाऊक नाही. अजून ठाऊक नाही मामा त्याला. सहा वर्षे फेडले त्याने आणि आकडा ठाऊक नाही."

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. मी उठले नाही.

भाऊने बराच वेळ घेतला. "वीस वर्षांचा पोर होता गो. आकडा सांगितला असता तर झोपला नसता. मी झोपत नव्हतो. बँकेचा माणूस यायचा तेव्हा मी त्याला मुद्दाम भाटात पाठवायचो, माडांना पाणी बघून ये म्हणून."

"पगार द्यायला पुरेसा मोठा होता, आकडा ऐकायला नव्हता?"

"बाप झालीस की कळेल तुला."

"आई होईन मी, बाप नाही," ती म्हणाली, आणि दोघेही हसले. तेवढ्यावर ते ओसरले असे वाटले. ओसरले नव्हते.

मला मात्र त्या हसण्यात भाग घेता आला नाही. भाऊने मुलाकडून सगळे घेतले आणि काही सांगितले नाही. मी मुलीकडून काहीच घेतले नाही आणि काही सांगितले नाही. माझे वागणे त्याच्याहून चांगले दिसते. पण दोन्ही घरांत डबा उघडायचा हक्क एकाच माणसाकडे होता. आणि खरे लिहायचे तर सात हजार पोस्टात टाकून घरी चालत येताना मला जे वाटायचे, दर महिन्याला, ते काही फक्त मुलीचे भले नव्हते. मला देणारीच राहायचे होते. निवृत्त झालेल्या बाईकडे आणखी असते काय?

माझी पेडण्यातली एक जुनी सहकारी आहे, तिची गोष्ट वेगळ्या टोकाची. मोपचा विमानतळ डिसेंबर 2022 मध्ये उघडला, पुढच्या जानेवारीपासून विमाने उडू लागली, आणि तिच्या मुलाला तिथे काम मिळाले. घरापासून वीस मिनिटांवर नोकरी! पेडण्यातल्या पोरांना म्हापसा, पणजी नाहीतर परदेश, यापलीकडे कधी काही दिसले नव्हते. मुलाने घरात फ्रिज आणला, इन्व्हर्टर आणला, हप्त्यावर गाडी आणली. आल्यागेल्याला ती गाडी दाखवते. एकदा फोनवर सहज बोलून गेली, "गॅस, दूध, नुस्ते (म्हणजे मासे) आमच्याच पेन्शनीत. त्याला सांगायला लाज वाटते गो, एवढी मोठी गाडी आणली त्याने." मुलगा देत नाही असे कोण म्हणेल? तो जे देतो ते अंगणात उभे राहते. ती जे देते ते संध्याकाळपर्यंत खाऊन संपते. मला वाटते, घरात राहणाऱ्या कमावत्या मुलांबद्दल आपण जे भांडतो त्यातले निम्मे इथेच अडलेले असते. ताटातल्या बांगड्यांना कुणी नव्या गाडीसारखी पट्टी बांधून, हळद लावून दारात उभे करत नाही.

ह्यांचा आतापर्यंत आवाज नव्हता. ते निबंधक कार्यालयात लिपिक होते. खरेदीखते, मृत्युपत्रे, लग्नाआधीचे करार यांत त्यांचे आयुष्य गेले. कुणी भांडू लागले की ते कायद्यात शिरतात, जसे काही लोक देवळात शिरतात.

"तुम्ही दोघे जे बोलताय ना," ते म्हणाले, "त्याला पोर्तुगीजांच्या 1867 च्या दिवाणी संहितेत नाव होते. सोसिएदाद फामिलियार. कौटुंबिक भागीदारी. भाऊ-भाऊ, किंवा आई-बाप आणि सज्ञान मुले, वर्षाहून जास्त काळ एका मेजावर जेवली, एका घरात राहिली, मिळकत आणि खर्च, नफा आणि तोटा एकत्र ठेवला, तर कागद न करताही ते भागीदार. लिहून दिले पाहिजे असे नाही. जेवले की झाले."

"बघ!" भाऊ म्हणाला. "लिहायला नको."

"बघ!" मुलगी म्हणाली. "भागीदार."

मला त्या कायद्याची गंमत वाटली. लिस्बनमध्ये बसून कुणीतरी आपल्याकडची एक चूल कायद्यात घातली होती; फक्त चुलीच्या जागी मेज.

"आणि वारसा?" मुलीने विचारले. तिला उत्तर ठाऊक होते, बापाच्या तोंडून हवे होते.

"आमच्या अर्ध्या मालमत्तेला मृत्युपत्रातही हात लावता येत नाही. ती मुलांचीच. जुन्या संहितेत तसेच होते, 2012 च्या नव्या कायद्यात तसेच आहे, तो 2016 च्या डिसेंबरपासून चालू आहे. महाराष्ट्रातला बाप स्वतःच्या कमाईचे घर मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. मी नाही देऊ शकत. तुला काढून टाकायला तसे जबर कारण लागेल."

"म्हणजे घरात माझा वाटा आहे, घरखर्चात नाही."

"कायद्यात नाही," ते म्हणाले.

हे मी नंतर पडताळून पाहिले, तेव्हा एक मजेशीर गोष्ट सापडली. पोर्तुगालने 1966 मध्ये नवी संहिता केली; आपण तोवर त्यांच्यापासून सुटलो होतो, म्हणून आपल्याकडे जुनीच राहिली. त्यांच्या नव्या संहितेच्या 1874 व्या कलमात 1977 च्या दुरुस्तीपासून असे आहे की, आई-बाप आणि मुले एकत्र राहत असतील तोवर प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे संसाराच्या खर्चाला हातभार लावायचा. जर्मनीच्या कायद्यात तर आई-बापांकडे राहून त्यांच्या पैशाने जगणाऱ्या मुलाने घरकामात हात लावायला हवा, असे कलम आहे. ते वाचून मुलगी म्हणाली, "हे आपल्याकडे मुलींना न लिहिताच लागू आहे."

पण त्या रविवारी ह्यांचे बोलणे संपले नव्हते. त्यांनी पासबुक हातात घेतले, चष्मा वर केला. "आणि हे. तुझ्या आईने आपल्या नावावर ठेवले. आमचे लग्न गोव्यातले, करार न करता झालेले. म्हणजे जे तिचे ते निम्मे माझे. तुझे सात हजार पोस्टात गेले की त्यातले साडेतीन हजार माझे व्हायचे, दर महिन्याला. मला कुणी सांगितले नाही."

"अहो!"

"आणि समजा तिने तुझ्या नावावर ठेवले असते आणि उद्या तू लग्न केलेस, आधी करार न करता, तर त्यातले निम्मे जावयाचे. म्हणजे हिने बावीस महिने राखले कुणासाठी? एका माणसासाठी, ज्याचा अजून पत्ता नाही."

भाऊ पोट धरून हसला. मी चिडले, आणि चिडता चिडता मलाही हसू आले. माझ्या मनात ती आरडी तिच्या लग्नाचीच होती. तोंडाने मी "तिच्या अडीअडचणीला" म्हणत होते.

जेवणे झाली. बांगड्याचे हुमण होते, आणलेल्यातलाच एक नारळ फोडला. भाऊ आडवा व्हायला गेला तोच मुलीने भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि टेबलावर आणून ठेवले.

आमच्या घराचा जमाखर्च कुठे असेल तर तो त्या कॅलेंडरवर. पदेर सकाळी सायकलचा भोंगा पोंय पोंय करत येतो, मी पाव घेते आणि तारखेच्या चौकोनात पेन्सिलने आकडा घालते. महिनाअखेर बेरीज. साधारण रोज सहा, कधी चार. मुलगी बोट फिरवत एकेक चौकोन बघत होती. "हे चार म्हणजे काय? बाबा गावाला?"

"नाही. तुझी रात्रपाळी."

ती गप्प झाली. बावीस महिने तिच्या असण्यानसण्याची नोंद मी पेन्सिलने करत आले होते. मलाही ते तेव्हाच कळले. पावांचा हिशेब तिला धरून होता. पैशांचा तिला वगळून.

"चल," ती म्हणाली, "सगळे सांग."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. पाव, 850. दूध, कुर्टीच्या डेअरीचे, रोज दीड लिटर. गॅस. वीज, आणि तिच्या एसीचे दोन महिने. नुस्ते. नुस्त्याचा आकडा ऐकून तिने पेन्सिल खाली ठेवली. "आई, एवढे? नुस्त्याला?" विसवण दोन वेळा आणला तर तेवढे होतेच. ह्यांची रक्तदाबाची औषधे. इमारतीची देखभाल. कामाला येणारी बाई. इंटरनेट. देवळाची वर्गणी, लग्नामुंजीचे आहेर, मेलेल्याच्या घरी न्यायचे. "हेही?" "हेही. ते देत नसते तर तुझ्या लग्नाला कोण येईल?" बेरीज आली 29,400. मला धरून कुणालाच हा आकडा ठाऊक नव्हता. मी अडतीस हजार पेन्शन घेते, ह्यांची तीस, आणि कुठे जाते म्हणून महिनाअखेर डोके धरते.

"तीन माणसे. प्रत्येकी 9,800," ती म्हणाली. "मी सात देत होते. म्हणजे देत नव्हते, पण दिले असते तर कमीच पडले असते."

"आता उरलेले 2,800 मागणार ती तुझ्याकडे," भाऊ खोलीतून ओरडला. झोपला नव्हता तर!

"नाही मामा. मिळकतीच्या मानाने बघायचे. तिघांचे मिळून चौऱ्याण्णव हजार, त्यातले माझे सव्वीस." फोनवर आकडे दाबले. "आठ हजार एकशे तीस."

"एकशे तीस!" भाऊ बाहेर आला. "वरचे तीस रुपये कशाला गो? सहा पाव? एका दिवसाचे पाव तोलून देणार तू बापाला?"

इथे मला तो पटला. गणिताला एक कडा असते आणि ती बोटाला लागते. आई-बापांनी मुलाला वाढवताना काय लागले ते कुणी लिहून ठेवले आहे का, हे त्याने विचारले नाही. ते विचारणारी माणसे मी पाहिली आहेत आणि ती मला आवडत नाहीत. त्याचा मुद्दा साधा होता: घरात कधी एक आजारी पडतो, एकाची नोकरी जाते, एकाचा ट्रक ताडपत्रीखाली जातो. तेव्हा मिळकतीचे मान काढून वाटे घातलेत तर ज्याच्याकडे शून्य आहे त्याचा वाटा शून्य होईल, ठीक आहे, पण तो ताटावर बसताना शून्य होऊन बसेल.

मुलीने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, "चवथीचा हिशेब कोण लिहितो, मामा?"

भाऊ चपापला.

आमच्या साखळीच्या घरात गणपती एक, भाऊ तीन. चवथीला तीनही चुली विझतात आणि पाच दिवस एकच पेटते. माटोळीचे सामान, भटजींची दक्षिणा, फटाके, पंगतीचे तांदूळ-गूळ, आरतीला येणाऱ्यांचा चहा, सगळे सामाईक. लाल कापडाची वही आहे. आमच्या आजोबांच्या अक्षरात सुरू झालेली, आता भाऊच्या अक्षरात. कोणी किती दिले, कशाला किती गेले, उरले ते पुढच्या वर्षी. 2013 च्या चवथीला भाऊच्या नावापुढे काही नाही. खालच्या ओळीत धाकट्याच्या नावापुढे दुप्पट आहे. कुणी त्याबद्दल बोलले नाही आणि त्या पाच दिवसांत भाऊच देवापुढे पाटावर बसला, थोरला म्हणून.

"तो देवाचा हिशेब," भाऊ म्हणाला. "त्याचे वेगळे."

"त्या वहीने घराला भिंत फुटली?"

"वही होती म्हणून तर—" तो म्हणाला आणि थांबला. पुढचे वाक्य त्याला दिसले होते. ते तो बोलला नाही आणि आम्ही कुणी बोलायला लावले नाही.

चहा झाला. साडेचारची बस धरायची होती, उसगावनंतर उभे राहावे लागते म्हणून तो लवकर निघतो. आरडीचे काय करायचे ते तेव्हा ठरले नाही, अजूनही नाही. पाच वर्षांची मुदत आहे, महिन्याचा हप्ता आहे. मुलगी म्हणते मोड, हे म्हणतात माझे निम्मे आधी द्या. या महिन्यापासून तिचे पैसे येतात ते माझ्या खात्यात पडून राहतात आणि मी त्यातून नुस्ते आणते. पहिल्या दिवशी नुस्तेकारणीला पैसे देताना हात थोडा अडला. चणक होता, ताजा. आणला.

भाऊ पोते झटकत असताना मुलगी कागद घेऊन आली. "एक राहिले. नारळ. महिन्याला किती लागतात आई?"

"पंचवीस तरी."

"म्हणजे हे वीस मामाचे, पाच बाजारचे. वीस गुणिले पन्नास—"

"ते लिहू नको," भाऊ म्हणाला.

"का? आले ना घरात?"

"लिहिलेस तर पुढच्या वेळी आणणार नाही."

तिने पेन्सिल दातात धरली. त्याच्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले. मग वाकून लिहिले: नारळ, 20, साखळी. दराचा रकाना मोकळा ठेवला.

भाऊने मान पुढे करून ते वाचले. काही बोलला नाही. चपला घातल्या, रिकामे पोते घडी करून काखेत मारले आणि खाली उतरला. पहिल्या मजल्याच्या वळणावरून त्याचा आवाज वर आला.

"बाय! त्या कागदाचा फोटो काढून पाठव गो. दादाला नको. मला पाठव."